संगमरवरी घोडा: पोटाखाली आधार न ठेवता चार पायांवर उभा राहील का?

गुण्या
नमस्कार मंडळी. खंडोबाच्या एका लहान देवळासमोर ठेवण्यासाठी मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवरात घोडा घडवायचा विचार आहे. स्वार नाही, फक्त खोगीर घातलेला उभा घोडा. ठोकळा २४ इंच उंच, २४ इंच लांब, ९ इंच जाड. त्यातली खालची २ इंच बैठक, वर घोडा: पाठीपर्यंत १७ इंच, कानांच्या टोकापर्यंत २२. मातीचा नमुना पूर्ण मापाचा तयार आहे. चारही पाय जमिनीवर आहेत, पोटाखाली काही नाही.
प्रश्न एवढाच की हे चार पाय टिकतील का? नळीची, म्हणजे पायाच्या खालच्या बारीक भागाची, जाडी मापाप्रमाणे जेमतेम १७ मिलिमीटर येते. आधार ठेवायचा नाही, दिसायला वाईट दिसतो असं माझं मत आहे. जाणकारांनी सांगावं.

पाणसळ
टिकणार नाही. आधार ठेवा.

टाकीचे_घाव
पाणसळ यांच्याशी सहमत, पण कारण सांगायला हवं, कारण बहुतेकांचा समज उलटा असतो. पाय वजनाने मोडत नाहीत.
गणित करून बघू. संगमरवर घनफुटाला साधारण ७६ किलो. तुमचा ठोकळा ३ घनफूट, म्हणजे २३० किलोच्या आसपास. त्यातून निघालेला घोडा, बैठक सोडून, २८ ते ३० किलोंचा. १७ मिलिमीटरच्या चार पायांचं मिळून क्षेत्रफळ ९ चौरस सेंटिमीटर. दाब येतो ०.३ मेगापास्कल. चांगला संगमरवर दाबाखाली ७० ते १०० मेगापास्कल सहज सोसतो. म्हणजे सरळ उभ्या वजनाची काळजी करायचं कारणच नाही.
आता हाच घोडा आडवा ढकला. टेंपोने खड्डा घेतला आणि घोड्याच्या वजनाइतकाच जोर बाजूने आला असं धरा. पायाची बारीक उंची २० सेंटिमीटर. नळीत वाकण्याचा ताण जातो १४ मेगापास्कलच्या घरात. दगड वाकण्याला तेवढाच सोसतो, १० च्या आसपास, फार उत्तम असला तर १५. एक केसासारखी चीर असली की संपलं. घोडा देवळासमोर उभा असताना मोडत नाही. तो मोडतो घडवताना, उचलताना, वाहतुकीत, किंवा जत्रेत कुणीतरी टेकल्यावर.

गुण्या
हे माझ्या डोक्यात नव्हतं. मग नळी थोडी जाड केली तर? २० मिलिमीटर?

टाकीचे_घाव
फायदा होतो, आणि वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. वाकण्याची ताकद जाडीच्या घनात वाढते. नळी २० टक्क्यांनी जाड केली तर ताकद १.७ पट. १७ चे २० मिलिमीटर केलेत की १.६ पट. समोरून बघताना जाडी डोळ्याला खुपते, बाजूने बघताना तेवढी नाही. म्हणून पुढून मागे जास्त वाढवा, आडवी कमी. मागच्या बाजूची शीर ठळक दाखवली की वाढवलेला दगड शिरेत खपून जातो. तरीही आधाराला हा पर्याय नाही. ३ इंच बाय २ इंचाचा एकच खांब पोटाखाली ठेवलात तर तो त्याच्या कमकुवत दिशेनेसुद्धा चारही पायांच्या एकत्रित ताकदीच्या १५ पटींहून जास्त विरोध करतो.

आयाळ
आधार वाईट दिसतो हे मला पटत नाही. जगातल्या नावाजलेल्या संगमरवरी घोड्यांच्या पोटाखाली बघा. हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहरातून निघालेले बाल्बस पितापुत्रांचे दोन अश्वारूढ पुतळे नेपल्सच्या संग्रहालयात आहेत, दोन्ही घोड्यांना पोटाखाली आधार आहे. फ्रेंच शिल्पकार गियोम कुस्तूने १७३९ ते १७४५ या काळात इटलीतल्या करारा गावच्या संगमरवरात केलेले मार्लीचे घोडे पुढचे पाय उंच उचलून उसळलेत, पण पोटाखाली खडक आहे आणि तो खडक नसता तर ते घोडे दगडात झालेच नसते. शिल्पकार बर्निनीने फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाचा घोडा उसळता केला तोही खडकावर तोललेला. राजाला पुतळा आवडला नाही, मग जिरार्दों या दुसऱ्या शिल्पकाराने चेहरा बदलून त्याचा मार्कुस कुर्तिउस हा रोमन वीर केला आणि खालच्या दगडाच्या ज्वाळा झाल्या. आधार काढता येत नव्हता, म्हणून त्याचा अर्थ बदलला. तो ज्वाळांचा आधार बघताना मला आजही भारी वाटतं.
मागच्या दोन पायांवर मोकळा उभा घोडा हवा असेल तर ब्राँझकडे जावं लागतं. माद्रिदमधला, शिल्पकार ताक्काने केलेला, स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा पुतळा, १६४०, ब्राँझ आहे. पुढचा भाग पोकळ, मागचा भरीव, शेपटीचाही टेकू. दगड पोकळ करून असा तोल साधता येत नाही.

कृष्णाकाठ
अवांतर: मुंबईचा काळा घोडा दगडाचा आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तोही ब्राँझच आहे, हल्ली भायखळ्याला जिजामाता उद्यानात. पुण्यातला करमरकरांचा १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळाही ब्राँझ. आपल्याकडे मोठे घोडे ओतीव कामात झाले, त्यामुळे 'पोटाखाली मोकळं' हेच डोळ्यात बसलंय.

भंडारा
गुण्या, घोडा खंडोबाचा आहे ना? मग उत्तर तुमच्या देवातच आहे. खंडोबाच्या मूर्तीत घोड्यासोबत कुत्रा असतोच, आणि घोड्याच्या टापांखाली मणी-मल्ल दैत्य. पोटाखाली बसलेला कुत्रा ठेवा. झाडाचं खोड किंवा खडक उपरा वाटेल, कुत्रा वाटणार नाही.

गुण्या
भंडारा, तुम्ही माझी झोप उडवलीत. हे इतकं समोर असून सुचलं नाही. माप बसेल का?

टाकीचे_घाव
बसेल. १७ इंची घोड्याच्या पोटाखाली ९ इंचांच्या आसपास मोकळी जागा असते. त्याच प्रमाणात कुत्रा उभा केला तर पाठ ७ इंचांवर येईल आणि त्याचेच चार बारीक पाय ही नवी डोकेदुखी होईल. म्हणून बसलेलाच करा. पुढचे पाय छातीला चिकटलेले, मधली फट न कोरता नुसती खोल रेघ. मान वर, डोकं घोड्याच्या पोटाला टेकलेलं. टेकणं नुसत्या नाकाने नको, डोकं आणि मानेचा मागचा भाग मिळून किमान २ इंच रुंद जोड पोटाशी हवा. जागा पुढच्या पायांच्या थोडी मागे, कारण मान आणि डोकं पुढे असल्याने वजनाचा मध्य तिकडे सरकतो. घोड्याची शेपूट मागे बैठकीवर टेकवलीत तर तिसरा आधार मिळाला.

दगडफूल
इतका वेळ सगळे आकारावर बोलताहेत, दगडावर कुणीच नाही. आधी ठोकळा तपासा.
हातोडीने हलकं वाजवा. सलग दगड घंटेसारखा टणत्कार देतो, आत चीर असली की आवाज बद्द येतो. चारही बाजूंनी वाजवा, एकाच जागी नाही. मग पूर्ण ठोकळा पाण्याने भिजवून सावलीत सुकू द्या. सगळं सुकल्यावर जी रेघ ओली राहते ती चीर. ती खडूने लगेच खुणावा, पूर्ण सुकल्यावर दिसत नाही.
मग थरांची दिशा. संगमरवरात नसा एका दिशेने धावतात आणि दगड त्या पातळीत लवकर सुटतो. घोड्यासाठी ही पातळी घोड्याच्या कुशीला समांतर उभी ठेवायची, म्हणजे पाय, मान, शेपूट सगळं थरांच्या लांबीत येतं. थर आडवे ठेवलेत तर प्रत्येक नस नळीला आडवी कापत जाते आणि पाय खडूसारखा तुटतो. डोकं एका बाजूला वळवलेलं असेल तर ते मात्र थर ओलांडून जातं. नमुन्यात मान फार वळवलेली असेल तर थोडी सरळ करा.
मकराणा म्हणून विकलेला दगड मकराण्याचाच असतो असं नाही. मकराणा कॅल्साइटचा, राजनगरचा डोलोमाइटी. टाकाऊ कपच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. कॅल्साइट जोरात फसफसतो, डोलोमाइट हळू, पूड केल्यावरच नीट. आम्ल मूळ ठोकळ्यावर टाकू नका, डाग पडतो. डोलोमाइटी दगड वाईट नसतो, पण छिन्नीला कडक लागतो आणि बारीक काम हळू होतं.

पाणसळ
+१. थरांचा मुद्दा सोन्यासारखा आहे.

यंत्रमानव
एवढा त्रास कशाला? मातीचा नमुना स्कॅन करा, पाच अक्षांच्या सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कोरणाऱ्या मशीनवर) ढोबळ काम काढून घ्या, वरचे २-३ मिलिमीटर हाताने.

टाकीचे_घाव
ढोबळ कामापुरतं मान्य. पायांच्या मधली जागा मशीनला देऊ नका. लांब बारीक बिट आत शिरला की तो थरथरतो, आणि ती थरथर नळीत जाते. मशीनला सांगा की पोटाखालचा भाग सलग ठेव, फक्त बाहेरची रेषा काढ. शिवाय मशीन नस बघत नाही. चीर आल्यावर हात थांबतो, मशीन थांबत नाही.
सीएनसी नसेल तर पॉइंटिंग मशीनची, म्हणजे नमुन्यावरची मापं सुईने दगडावर उतरवण्याची, जुनी पद्धत उत्तम. तीन पक्के बिंदू घ्यायचे: एक डोक्यावर, दोन बैठकीच्या कोपऱ्यांत. नमुन्यावर सुई टेकवायची, खूण लॉक करायची, दगडावर नेऊन तितकं खोल भोक पाडायचं. प्रत्येक बिंदूला २ मिलिमीटर राखून. डोक्यावरचा बिंदू शेवटपर्यंत छाटायचा नाही, तो गेला की सगळी मापं गेली.

यंत्रमानव
पायांबद्दल पटलं. बिटची थरथर लक्षात घेतली नव्हती.

आयाळ
क्रम कुणीतरी लिहा ना, नवशिक्यांना उपयोग होईल. मुख्य प्रश्न कुठला भाग केव्हा सोडवायचा हाच असतो.

टाकीचे_घाव
लिहितो.
वरून खाली या. आधी पाठ, मान, डोक्याचा ढोबळ आकार, कारण जोराचे घाव वरच बसतात आणि तोवर खाली भरीव दगड हवा. पायांच्या मधे दगडाचा पडदा सलग ठेवा. दोन पुढच्या पायांमधे, दोन मागच्या पायांमधे आणि पुढच्या-मागच्या पायांमधेही. पायांच्या फक्त बाहेरच्या बाजू घडवा. डोकं, आयाळ, खोगीर, पुठ्ठे सगळं दातेरी छिन्नीपर्यंत पूर्ण झालं की मगच पडदे पातळ करा. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, एकीकडून आरपार जाऊ नका.
पडदा कापताना हातोडा बंद. ८ मिलिमीटरच्या बिटने ओळीत भोकं पाडा, दोन भोकांमधे ३ मिलिमीटर ठेवा, ड्रिलचा हॅमर मोड बंद. उरलेल्या भिंती हिऱ्याच्या तारेने किंवा बारीक ब्लेडने कापा. मग कानशी आणि वाकड्या कानशी. एकदा पाय सुटे झाले की वरच्या भागावर टाकी चालवायची नाही, म्हणजे नाहीच. डोळ्यात काही राहिलं असेल तर हाताने खरवडा.
कानांमधला दगडही असाच शेवटी काढायचा.

कृष्णाकाठ
कानांवरून आठवलं: मारवाडी घोडा करत असाल तर कानांची टोकं आत वळून एकमेकांना लागतात. नाजूक दिसतं, पण दगडात ते फायद्याचं आहे. टोकं जुळलेली ठेवली की कमान तयार होते आणि एक कान दुसऱ्याला धरतो. भीमथडी घोड्याचे कान असे जुळत नाहीत, तिथे मुळाशी जाड ठेवावे लागतात आणि आतली पन्हळ उथळ.

भंडारा
खंडोबा आपल्या मातीतला, घोडा भीमथडी करा असं माझं मत. कान आखूड ठेवा.

दगडफूल
घाव कसा घालायचा तेही सांगायला हवं, कारण ही चूक पॉलिशच्या वेळी कळते. टाकी दगडाला काटकोनात धरून ठोकली की वर खड्डा लहान दिसतो पण आत दगड मुका मार खातो. कॅल्साइटचे दाणे आतल्या आत सुटे होतात, कित्येक मिलिमीटर खोल. पॉलिश केल्यावर तिथे पांढरा धुरकट ठिपका येतो, आणि तो घासून जात नाही, मार जिथवर गेलाय तिथवर दगड उतरवावा लागतो. टाकी ४५ ते ६० अंशांत धरा, कपचा उडू द्या. अंतिम पृष्ठभागापासून १ सेंटिमीटरवर आलात की टाकी ठेवून दातेरी छिन्नी घ्या, ३ मिलिमीटरवर आलात की सपाट छिन्नी किंवा कानस. घोड्याच्या कपाळावर आणि पुठ्ठ्यावर, जिथे मोठा गुळगुळीत भाग असतो, तिथे हे ठिपके सर्वात जास्त दिसतात.

आयाळ
आता घोड्याच्या रचनेबद्दल, कारण दगडकाम उत्तम असून घोडा गाढव दिसतो असं फार पाहायला मिळतं.
माप डोक्याच्या लांबीने घ्या. पाठीपर्यंतची उंची साधारण अडीच डोकी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबीही अडीच डोकी. तुमच्या १७ इंचांना डोकं पावणेसात इंचांचं. ९ इंचांचं केलंत तर खेळणं दिसेल.
मागच्या पायाचं सर्वात जास्त चुकतं. मधला जो सांधा मागे निघालेला असतो तो गुडघा नव्हे, टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या रेषेजवळ. पुठ्ठ्याच्या टोकापासून ओळंबा सोडा, तो टाचेच्या मागच्या कडेला लागून नळीला समांतर खाली यायला हवा. टाच ओळंब्याच्या पुढे गेली की घोडा बसतोय असं वाटतं. नमुना तयार आहे म्हणता, तर आत्ताच दोरा सोडून बघा, मातीत दुरुस्ती पाच मिनिटांची आहे.
चेहऱ्यात गाल म्हणजे मोठी सपाट तबकडी, तिच्या पुढे डोळ्याखालून निघणारी हाडाची कड. ही कड धारदार ठेवली की उन्हात सावली पडते आणि चेहरा जिवंत होतो. नाकपुडीला सरळ भोक नको. ६ मिलिमीटरचा बिट आत-मागे तिरपा नेऊन वरची कड पातळ ठेवा. डोळ्याची वरची पापणी बुबुळावर छज्जासारखी पुढे हवी. पांढऱ्या दगडात रंग नसतो, डोळा सावलीनेच दिसतो.

गुण्या
दोरा सोडून बघितला. टाच जवळजवळ पाऊण इंच पुढे होती. दुरुस्त करतोय. मनापासून आभार.
पॉलिश किती करू?

दगडफूल
८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून १२०, २२०, ४००, ६००, ८००, १२००. पाणी लावून. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. ८० चा ओरखडा २२० ला दिसत नाही, ६०० ला उठून दिसतो आणि मग परत मागे यावं लागतं.
माझं मत: सगळा घोडा आरशासारखा करू नका. पूर्ण चकाकीत स्नायू हरवतात, प्रकाश परावर्तित होऊन आकार सपाट दिसतो. अंग ४०० वर थांबवा, खूर, खोगीर आणि डोळे १२०० पर्यंत न्या. आयाळ छिन्नीच्या रेघांसकट ठेवा. ऑक्झॅलिक आम्लाची पूड वापरणार असाल तर हातमोजे घाला, ते विषारी आहे, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.
कापताना मास्क हवाच. पाण्यासोबत ग्राइंडर चालवणार तर लाइनवर ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय नको.

भंडारा
४०० वर थांबण्याला एक अडचण. देवळासमोर भंडारा उधळला जाणार. पॉलिश न केलेला संगमरवर हळद पितो.

दगडफूल
अगदी बरोबर, हे माझ्याकडून सुटलं होतं. भंडारा उधळला जाण्याआधी, दगड पूर्ण कोरडा असताना, आत मुरणारं सिलेन-सिलॉक्सेनचं सीलर द्या, दोन हात; बैठकीच्या तळाला मात्र बसवण्याआधीच. वर थर बसवणारं लॅकर नको, ते पिवळं पडून सुटतं. एवढं करूनही डाग राहिला तर पांढऱ्या मातीत हायड्रोजन पेरॉक्साइड कालवून ५ मिलिमीटरचा लेप द्या, प्लॅस्टिकने झाका, दिवसभराने काढा. आधी बैठकीच्या मागच्या कोपऱ्यात करून बघा. हळदीचा रंग उन्हानेही उडतो, त्यामुळे थोडं थांबायला हरकत नसते. लिंबू, चिंच, व्हिनेगर, बाथरूमचं आम्ल यातलं काहीही नको, चकाकी जागेवर खाल्ली जाते.
आणि छत हवं. पावसाच्या पाण्याने संगमरवराचे दाणे साखरेसारखे सुटतात. मार्लीचे घोडे १९८४ मध्ये लूव्रमध्ये आत नेले, पॅरिसच्या ज्या चौकात ते होते तिथे प्रतिकृती उभ्या केल्या, ते याच झिजेमुळे.

कृष्णाकाठ
पाय चुकून मोडलाच तर आत लोखंडी सळई घालून जोडता येतो ना?

टाकीचे_घाव
लोखंडी कधीच नाही. लोखंड गंजून फुगतं आणि दगड आतून फोडतं. पार्थेननच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत लोखंडी पकडी वापरल्या, त्यांनी संगमरवर फोडला, नंतर त्या काढून टायटॅनियम घालावं लागलं. २० मिलिमीटरच्या नळीत ५ मिलिमीटरची ३१६ स्टेनलेसची सळई, दोन्ही बाजूंना ४०-४५ मिलिमीटर खोल, भोक ६ ते ७ मिलिमीटर, इपॉक्सी. पॉलिस्टरचा डिंक उन्हात लवकर पिवळा होतो. तुकडा मोडला की त्या कडा घासू नका, धुऊन सुकवून तशाच जुळवा, दाणे एकमेकांत बसतात तेव्हा जोड दिसत नाही.

गुण्या
आज नमुना बदलला. कुत्रा बसवला, डोकं पोटाला सव्वादोन इंच टेकतंय. नळी २० मिलिमीटर केली. आणि माझा पहिला प्रश्न मीच मागे घेतो, आधाराशिवाय करायचा नाही. कुत्र्यामुळे घोडा थांबून धन्याची वाट बघतोय असं दिसायला लागलंय. आता शेवटची शंका वाहतुकीची. घडवण्याची जागा ते देऊळ ४० किलोमीटर, त्यातला बराच रस्ता कच्चा.

टाकीचे_घाव
पुढच्या दोन पायांमधला आणि मागच्या दोन पायांमधला पडदा १५ मिलिमीटर जाडीचा ठेवूनच न्या. देवळात बैठक चुन्यात बसवा, पाणसळ लावून बघा, आणि मग जागेवर पडदे कापा.
उचलताना पट्टा पोटाखालून घालू नका, नाहीतर बैठकीचं २० किलो पायांना लोंबतं. बैठकीखालून दोन पट्टे. लाकडी पॅलेटवर बैठक चारही बाजूंनी फळ्या ठोकून घट्ट करा, पोट आणि बैठक यांच्यामधे कुत्र्याच्या दोन्ही बाजूंना थर्माकोल दाबून भरा, मानेखाली वाळूची पिशवी. टेंपोत उभाच न्या, आडवा झोपवू नका. कान सुती कापडात गुंडाळा आणि त्यावर काही बांधू नका.

भंडारा
आणि पोचल्यावर, पडदे कापून धूळ धुतल्यावर, सीलर द्यायच्या आधी दगड निदान आठवडाभर सावलीत सुकू द्या. भंडारा त्यानंतर.